भट्टीचे पाय

दोन नंबरचा बर्नर पुन्हा पिवळा जळायला लागला, तेव्हा दुपारचे सव्वातीन झाले होते. शेवटचं गिऱ्हाईक दात कोरत बाहेर पडलं होतं, हॉटेलच्या दारावर ‘बंद’ची पाटी लागली होती, आणि घरातली झाडून सगळी मोठी माणसं भटारखान्यात उभी राहून भट्टीचं काय करायचं यावर काथ्याकूट करत होती. थोरली सून तेवढी त्यात नव्हती. ती मोरीपाशी पातेल्याच्या बुडाची काजळी खरवडत होती, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक वाक्यागणिक तिचा हात जास्त जोरात चालत होता.

भट्टी आप्पांची. तसं हॉटेलही तिच्या सासऱ्यांचंच, म्हणजे आप्पांचंच, पण हॉटेल त्यांनी केव्हाच मुलांच्या हवाली केलं होतं. भट्टी केली नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी लोहाराच्या डोक्यावर बसून त्यांनी ती जोडून घेतली होती: सहा बर्नर, लोखंडी अँगलची चौकट, चार जाडजूड पाय, आणि उंची आप्पांच्या हाताला बसेल अशी. आप्पा चांगले सहा फुटी. थोरली पाच फुटांना तीन बोटं कमी. तिच्या लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात आप्पांच्या कंबरेनं दगा दिला आणि झारा तिच्या हातात आला. त्या दिवशी नवऱ्याने फळांची एक लाकडी पेटी उपडी घालून तिच्या पायाखाली सरकवली. “दोन दिवस चालवून घे,” तो म्हणाला होता. त्या दोन दिवसांना आता एकोणीस वर्षं झाली होती. या काळात पेट्या चार बदलल्या.

मागच्या महिन्यात सूपाचं उकळतं पातेलं उतरवताना चौथी पेटी कलंडली. पातेलं एकीकडे गेलं, ती दुसरीकडे गेली, मध्ये वीतभर अंतर राहिलं म्हणून निभावलं. पावलावर एक चट्टा उठला आणि घोटा टम्म सुजला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कशावरून पडलात?” पेटीवरून म्हटल्यावर त्या चष्म्यावरून बघतच राहिल्या. “परत पेटीवर चढणार असाल तर पुढच्या वेळी माझ्याकडे येऊ नका,” त्या म्हणाल्या, “सरळ मोठ्या दवाखान्यात जा. भाजलेल्यांच्या विभागात.” हे घरी सांगितल्यावर सगळे फार हळहळले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पेटीवर रबराची चटई ठोकलेली.

तर तिला नवी भट्टी हवी होती. आठ बर्नरची नको, आपोआप पेटणारी नको, जमिनीवर पाय टेकवून जिच्यापाशी उभं राहता येईल अशी हवी होती. एवढी साधी गोष्ट, पण ती बोलायला तोंड उघडलं की कुणीतरी आधी बोललेलं असायचं.

“हे बघा!” धाकट्या दिराने एक चकचकीत माहितीपुस्तक ओट्यावर उघडलं. तो परवाच हॉटेलच्या सामानाचं प्रदर्शन बघून आला होता आणि तेव्हापासून त्याच्या पायांना चाकं लागली होती. “आठ बर्नर, खाली दोन ओव्हन, समोरून काच. बटण दाबलं की पेटते. इतकी सुंदर आहे की हात लावायला भीती वाटते.”

“मग लावू नकोस,” आप्पा म्हणाले. ते स्टुलावर कंबरेचा पट्टा बांधून ताठ बसले होते.

“आठ कशाला? सहांवरच तुमची तारांबळ उडते,” ताई म्हणाली. ताई म्हणजे थोरलीची मोठी नणंद. दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि हॉटेलात मत द्यायला यायची. मत देऊन झालं की जेवून जायची. “मी म्हणते विजेची घ्या. माझ्याकडे विजेचीच आहे. ना धूर, ना जाळ. एका फडक्यात पुसून निघते.”

“ताई, तू चौघांचं करतेस. इथे दुपारची दीडशे ताटं निघतात.”

“चौघांचं करते म्हणून मला अक्कल नाही का?”

“तसं कोण म्हणालं?”

“म्हणायला कशाला हवं, कळतं मला!”

आप्पांनी हात वर केला. “भट्टीला काही झालेलं नाही. मिस्त्रीला बोलावलंय, येतोय तो. दोन नंबरला जरा खोकला झालाय इतकंच.”

“आप्पा, सहाही बर्नर पिवळे जळतात,” धाकटा म्हणाला. “पातेली बघा. वहिनी रोज तास-तासभर काजळी खरवडते. गॅसही दुप्पट जातो. दर दोन महिन्यांनी मिस्त्री येतो, हवेची झडप इकडची तिकडे करतो, आठ दिवस निळी जळते, परत ये रे माझ्या मागल्या.” मग तो मोठ्या भावाकडे वळला. “दादा, तू बोल ना काहीतरी.”

थोरलीचा हात क्षणभर थांबला. नवरा काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं, तरी माणूस आशा सोडत नाही.

“दोघांचंही बरोबर आहे,” दादा म्हणाला.

तिने पातेलं उलटं आपटलं. एकोणीस वर्षांत या माणसाने कुणाला चूक म्हटलं नव्हतं, आणि त्यामुळेच घरात कुठलीही गोष्ट कधी ठरली नव्हती.

आता मापं घेणं सुरू झालं. धाकट्याने खिशातून टेप काढली, ताईने भांडण विसरून तिचं दुसरं टोक धरलं. त्यांनी दाराची रुंदी मोजली. भिंतीची लांबी मोजली. वरच्या धुराड्याचं तोंड मोजलं, गॅसच्या नळीचं अंतर मोजलं, मोरीपासून किती जागा सुटते ते मोजलं. मग धाकटा म्हणाला, “आप्पा, जरा उभे राहा बरं. तुमच्या हाताची उंची बघू. रोज सकाळी तुम्हीच पेटवता ना!”

हे मात्र खरं होतं. स्वयंपाक सुटला तरी भट्टी पेटवणं आप्पांनी सोडलं नव्हतं. रोज सकाळी साडेसातला ते आत यायचे, काडी ओढायचे, एक नंबरपासून सहा नंबरपर्यंत ओळीने बर्नर पेटवायचे आणि “पेटली बरं का!” म्हणून बाहेर कॉफी प्यायला जायचे. त्याआधी भट्टीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एकदा आप्पा तापाने फणफणले होते, तरी शाल गुंडाळून आले होते.

आप्पा उभे राहिले. टेप त्यांच्या पायापासून कोपरापर्यंत ताणली गेली. ताईने आकडा वाचला, धाकट्याने तो माहितीपुस्तकाच्या कोपऱ्यात लिहून घेतला. थोरली दोन हातांच्या अंतरावर उभी होती, ओले हात पदराला पुसत. टेप तिच्या समोरून तीनदा गेली आणि तिला लागू नये म्हणून दरवेळी ताईने ती जपून जराशी वर उचलली.

“भाऊजी,” शेवटी ती म्हणाली, “या नव्या भट्टीची उंची किती?”

“छत्तीस इंच. सगळ्यांची तेवढीच असते.”

“आणि आपली?”

“चाळीस.”

“म्हणजे माझी पेटी राहणारच.”

“हो, पण वहिनी, बुटकी पेटी लागेल ना आता!” धाकट्याचा चेहरा असा उजळला होता, जणू त्याने तिच्यासाठीच ही भट्टी शोधून काढली असावी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच्यावर ओरडायचं तरी काय म्हणून? वाईट मनाचा असता तर सोपं झालं असतं.

तेवढ्यात मिस्त्री आला. बुटका, पिकल्या मिशांचा, खांद्यावर कातडी पिशवी. गेली बारा वर्षं तोच या भट्टीचं बघत होता, आणि प्रत्येक वेळी येताना त्याचा चेहरा आदल्या वेळेपेक्षा आंबट असायचा.

“परत पिवळी?”

“जरा खोकला झालाय,” आप्पा म्हणाले.

मिस्त्रीने गॅस बंद केला. दोन नंबरचं तोंड गार व्हायची वाट बघितली. मग त्याने बर्नर उचलून बाजूला ठेवला आणि आत वाकून पितळेचा छोटासा जेट पान्याने काढला. गॅस ज्यातून बाहेर येतो तो. आजवर त्याने झडपाच फिरवल्या होत्या, कारण आप्पा त्याला आत हात घालू देत नसत. आज आप्पांनीच त्याला मुद्दाम बोलावलं होतं, मुलांच्या नाकावर टिच्चून भट्टी धडधाकट असल्याचं दाखवायला, त्यामुळे त्यांना अडवता येईना.

मिस्त्रीने जेट खिडकीकडे धरला, एक डोळा मिटून बघितला, पिशवीतून एक नवाकोरा जेट काढून शेजारी धरला, आणि खाली बसला.

“काय झालं?” ताईने विचारलं.

“ताई, हे नव्याचं भोक बघा. केस जाईल का? आणि हे तुमचं बघा. यातून गॅस नाही, घोडा जाईल.” त्याने मान वर केली. “यात टाचणी कोण घालतं?”

आप्पा छताकडे बघू लागले. धाकट्याने माहितीपुस्तकाचं पान उलटलं.

मिस्त्री उठला, एक नंबरचा जेट काढला, तीनचा, चारचा, पाचचा, सहाचा. सगळे ओट्यावर ओळीने मांडले. “सहाच्या सहा. भोक मोठं झालं की गॅस जास्त येतो, हवा पुरत नाही, मग ज्योत पिवळी आणि भांडी काळी. कुणीच टाचणी घालत नाही म्हणता? मग उंदीर येऊन घालत असतील.”

“मी फक्त रविवारी,” आप्पा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

“काय बघताय? साफ नको ठेवायला? रविवारी सकाळी, पेटवायच्या आधी. जरा टाचणी फिरवतो, इतकंच. ही पोरं थोडीच बघतात!”

“आप्पा,” दादा चाचरत म्हणाला, “मी सोमवारी करतो.”

“तू?”

“तुमच्या हाताला जरा कंप आहे ना. मला वाटलं, तुमच्याकडून नीट होत नसेल. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

“दादा, तू पण?” ताई फिस्सकन हसली आणि मग ओठ आवळून गप्प झाली. पण मिस्त्री तिच्याकडेच बघत होता. “मी येते तेव्हाच हं,” ती म्हणाली. “केसातल्या पिनेनं. यांचं कुणाचं लक्ष नसतं म्हणून जाता जाता करते.”

“तू आठवड्यातून चारदा येतेस!” धाकटा ओरडला.

“आणि तू काय करतोस?”

“मी असल्या टाचण्याबिचण्या वापरत नाही,” धाकटा छाती काढून म्हणाला. “मी त्यासाठी खास बारीक ड्रिल आणलंय.”

मिस्त्री पुन्हा खाली बसला. त्याने दोन्ही हात कपाळाला लावले. नंतर त्याने ओट्यावरची एक वाटी पुढे केली आणि सगळ्यांसमोर फिरवली. टाचणी पडली, सेफ्टी पिन पडली, केसातली पिन पडली, आणि शेवटी धाकट्याने कुरकुरत ड्रिलचं पातं टाकलं.

“जेटमध्ये धातू घालायचा नाही,” मिस्त्री एकेक शब्द तोडून म्हणाला. “महिन्यातून एकदा काढायचा, साबणाच्या कोमट पाण्यात भिजवायचा, फुंकर मारायची, वाळवून लावायचा. एकाच माणसानं. बाकीच्यांनी भट्टीपासून लांब उभं राहायचं.”

“मग आता?” दादाने विचारलं.

“आता काय, नवे जेट माझ्याजवळ आहेत. सहा बदलतो. अर्ध्या तासाचं काम. चौकट दणकट आहे, अजून वीस वर्षं हलणार नाही.”

आप्पांनी मांडीवर थाप मारली. “मी काय सांगत होतो!”

“मी पण तेच म्हणत होते, आधी दुरुस्त होतंय का बघा,” ताई म्हणाली. ती असं काही एक म्हणाली नव्हती. धाकट्याने उसासा टाकून माहितीपुस्तक मिटलं, पण पुढच्याच मिनिटाला त्याला सुचलं की भट्टी वाचली तर यंदा बाहेरचं दालन रंगवता येईल, आणि त्याची कळी परत खुलली. ताईला रंग फिक्का हवा होता. आप्पांना आहे तोच चालणार होता. दादा म्हणाला, दोघांचंही बरोबर आहे. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांच्या उरावर बसलेली ही माणसं आता एकमेकांना टाळ्या देत होती.

थोरली मोरीपाशी तशीच उभी होती. अजून वीस वर्षं. तिने मनातल्या मनात स्वतःचं वय त्यात मिळवलं. वीस वर्षांनी ती पेटीवर चढू तरी शकणार होती का?

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण आजवर तिने या भटारखान्यात बोललेलं सगळं ‘मीठ द्या’ आणि ‘ताट लावा’ अशाच जातीचं होतं. सगळे वळले.

“काय माहीत होतं?” दादाने विचारलं.

“टाचण्यांचं. आप्पांचं रविवारचं, तुमचं सोमवारचं, ताईंच्या पिना, भाऊजींचं ड्रिल. दिवसभर इथेच असते मी. मला दिसत नाही होय? तीन वर्षं बघतेय.”

“आणि तू बोलली नाहीस?” ताईचा आवाज चढला. “अगं, डोळ्यांदेखत भट्टी खराब होतेय आणि तू तोंडात मूग गिळून बसलीस?”

“हो, बसले.” रडू यायला लागलं याचा तिला जास्तच संताप आला. “म्हटलं, मरू दे. मेली तर नवी घ्यावी लागेल, आणि नवी घेताना कुणीतरी मला विचारेल, बाई, तुझ्या हाताला किती उंची लागते? काजळी खरवडून नखं गेली माझी, तरी गप्प बसले. वाट बघत होते. आणि आज तुम्ही दार मोजलंत, भिंत मोजलीत, धुराडं मोजलंत, आप्पांचं कोपर मोजलंत. रांधतं कोण इथे? धुराडं रांधतं?”

“अगं, पण पेटीवर चटई लावली ना आपण,” ताई म्हणाली.

थोरली भट्टीपाशी गेली, पेटी पायाने बाजूला सारली, आणि फरशीवर उभी राहिली. मोठं पातेलं तिने दोन नंबरच्या जाळीवर ठेवलं आणि डाव हातात घेतला.

त्या घरातल्या कुणीही तिला पेटीशिवाय भट्टीपाशी उभं असलेलं पाहिलं नव्हतं. पातेल्याचा काठ तिच्या हनुवटीच्या वर गेला होता. डाव आत घालायला तिला हात खांद्याच्या वर उचलावा लागत होता, आणि आत काय आहे ते टाचा उंच करूनही दिसत नव्हतं. तिने तसंच ढवळून दाखवलं, एकदा, दोनदा. रिकाम्या पातेल्यात डाव खडखडला.

“मिस्त्री,” ती म्हणाली, “जेट बदला. नवी भट्टी नको मला. हिचे पाय कापा.”

“काय?” आप्पा स्टुलावरून उठले.

“नऊ इंच. पेटीएवढे.”

“माझ्या भट्टीचे पाय?” आप्पांचा हात कंबरेवर गेला. “अगं, ही मी माझ्या उंचीची करून घेतली आहे! लोहाराकडे तीन दिवस उभा होतो मी. हिच्यावर हे घर उभं राहिलं!”

“घर भट्टीवर उभं राहिलं, आप्पा. मी पेटीवर उभी आहे.”

“वहिनी, तसं करता येणार नाही,” धाकटा हळूच म्हणाला. “भट्टी खाली गेली की धुराडं लांब पडेल. धूर सगळा आत पसरेल.”

“धुराड्याला खालून पत्र्याची झालर लावतो,” मिस्त्री म्हणाला. तो आता उभा राहून भट्टीचे पाय निरखत होता, आणि आज प्रथमच त्याच्या चेहऱ्यावरचा आंबटपणा थोडा कमी झाला होता. “गॅसची नळीही पुरते. साधा अँगल आहे, ग्राइंडरनं तासाभरात होईल.”

“पण उद्या एखादा उंच आचारी ठेवला तर?” ताईने विचारलं.

“ठेवा की,” थोरली म्हणाली. “त्याला खड्डा खणून द्या.”

आप्पा थोरल्या मुलाकडे वळले. “तू सांग हिला. तूच सांग.”

दादाने बापाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग त्याची नजर बाजूला पडलेल्या पेटीवर गेली. चटईचे खिळे त्यानेच ठोकले होते, आणि एक खिळा वाकडा बसून वर आला होता. ते सगळ्यांना आत्ताच दिसलं. थोरली मनात म्हणाली, आता म्हणेल दोघांचंही बरोबर आहे, आणि मी हा डाव याच्या डोक्यात घालीन.

“कापा,” दादा म्हणाला.

आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. तो मान खाली घालून उभा होता, पण त्याने शब्द मागे घेतला नाही. मग आप्पांनी खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर घातली, आणि बाहेर निघून गेले. ताई त्यांच्यामागे धावली. जाता जाता ती थोरलीला म्हणाली, “बघ हं, म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालं तर!” पण दारापर्यंत गेल्यावर ती थबकली, परत आली, आणि मिस्त्रीने भट्टीखाली विटा लावायला घेतल्या तेव्हा एका बाजूने भट्टी उचलून धरायला तीच उभी राहिली.

ग्राइंडरचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. संध्याकाळी हॉटेल दीड तास उशिरा उघडलं. थोरलीने फरशीवर उभं राहून स्वयंपाक केला. ज्योती निळ्याशार होत्या, पातेल्यात काय शिजतंय ते वरून दिसत होतं, आणि चारदा तरी तिचा पाय सवयीने पेटीवर चढायला वर उचलला गेला. तिला हवं होतं ते मिळालं होतं. तरी बाहेरून आप्पांचं ताट तसंच परत आलं तेव्हा तिला घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजल्यापासून ती भटारखान्यात होती. कांदे चिरून झाले, पाण्याची पातेली भरून झाली. साडेसात वाजले. आप्पा आले नाहीत. पावणेआठ झाले. दादा दारातून दोनदा डोकावून गेला आणि दोन्ही वेळा खांदे उडवून परत फिरला.

“पेटवू का मी?” तिसऱ्यांदा तो म्हणाला.

“नको.”

“मग तू पेटव.”

“नको म्हटलं ना!”

काड्यापेटी तिच्या हातातच होती. आठला गिऱ्हाइकं यायला लागणार होती. हट्टी म्हातारा, ती मनात चिडली, तापात शाल गुंडाळून येतो आणि आज सहा बोटांच्या अपमानासाठी नाष्ट्याची वेळ बुडवतो. मग तिलाच आठवलं की सहा बोटं नव्हती, नऊ इंच होते, आणि तिने काडी न ओढताच काड्यापेटी परत ठेवली.

आठला पाच मिनिटं कमी असताना दारात पावलं वाजली. आप्पा आत आले. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते भट्टीसमोर उभे राहिले आणि भट्टीकडे नुसते बघत राहिले. कालपर्यंत त्यांच्या हाताशी येणारी भट्टी आज त्यांच्या मांडीपाशी होती. त्यांनी काड्यापेटी उचलली आणि वाकायला गेले. पट्टा करकरला. अर्ध्यावर त्यांचा श्वास अडकला, हात भट्टीच्या कडेवर गेला, आणि ते पुन्हा हळूहळू सरळ झाले.

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे होऊन काड्यापेटी त्यांच्या हातातून घ्यावी का? घेतली तर त्याहून वाईट. ती कांद्याच्या ताटाशी जागच्या जागी उभी राहिली.

आप्पांनी इकडेतिकडे बघितलं. भिंतीशी पेटी पडली होती. ती दुपारी फोडून टाकायची असं ठरलं होतं. त्यांनी पायाने ती ओढत भट्टीपर्यंत आणली. वाकडा खिळा बघून तोंड वाकडं केलं. मग ती आडवी न ठेवता उभी केली, हाताने हलवून बघितली, आणि एक हात भट्टीवर टेकून सावकाश तिच्यावर बसले. आता सहाही बर्नर त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

त्यांनी काडी ओढली. एक नंबर. दोन नंबर. दोन नंबरपाशी ते जरा जास्त थांबले. मग तीन, चार, पाच, सहा.

“पेटली बरं का,” आप्पा म्हणाले. आवाज रोजच्यापेक्षा खाली होता.

“हो, आप्पा.”

ते कॉफीला गेले नाहीत. पेटीवर तसेच बसून ज्योतींकडे बघत राहिले. थोरलीने मोठं पातेलं उचलून एक नंबरवर ठेवलं आणि त्यांच्या शेजारी उभी राहून ढवळायला लागली. आप्पांनी तिच्या पायांकडे बघितलं. फरशीवर टेकलेले दोन पाय, एका पावलावर भाजल्याचा तांबूस चट्टा.

“हात पोचतो ना नीट?” त्यांनी विचारलं.

“पोचतो.”

“हं.”

मग त्यांचं लक्ष पुन्हा दोन नंबरकडे गेलं. त्यांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले. “ही ज्योत जरा डावीकडे कलते आहे का गं?” ते म्हणाले, आणि त्यांचा हात आपसूक सदऱ्याच्या कॉलरमागे गेला. काल मिस्त्रीच्या वाटीत त्यांनी एकच टाचणी टाकली होती.

थोरलीने डाव पातेल्यात तसाच ठेवला आणि उजवा तळहात त्यांच्यापुढे धरला.

“द्या इकडे,” ती म्हणाली.

आप्पांनी एकदा तिच्याकडे, एकदा भट्टीकडे बघितलं. मग कॉलरमागची टाचणी काढली आणि मुकाट्याने तिच्या हातावर ठेवली.